बांध मोजला, डोंगर कधी मोजायचा?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातले असाल, तर रोव्हर तुम्ही पाहिलाच असेल. मोजणीवाले बांधावर काठी उभी करतात, वर पांढरा रिसीव्हर, हातात छोटा स्क्रीन. आणि दोन भाऊ श्वास रोखून बघत उभे, हद्द कुणाकडे सरकते म्हणून! मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो, रोव्हर मात्र सेंटिमीटरमध्ये बोलतो. कारण त्याला एका जागी कायम बसवलेल्या 'कॉर्स' स्टेशनची साथ असते.

आता गंमत बघा. असा कायमचा रिसीव्हर वर्षानुवर्षं स्वतःच्याच जागेची नोंद ठेवत असतो. खालची जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकली तरी त्यातून कळतं. मग हे तंत्र बांधाच्या भांडणापुरतंच का ठेवायचं?

30 जुलै 2014 आठवतो? आंबेगाव तालुक्यातलं माळीण. शिरूरकरांनो, तुमच्याच लोकसभा मतदारसंघातलं गाव. डोंगर घरांवर आला, 151 माणसं गेली. गाव दिसत नाही, हे बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. बरोबर 11 वर्षांनी, 30 जुलै 2025 ला, इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

निसार जमिनीवर रडारच्या लहरी सोडतो. ढग असोत की रात्र, त्याला फरक पडत नाही. 12 दिवसांनी तो त्याच वाटेवर परत येतो. दोन्ही वेळी परतलेल्या लहरी ताडून बघितल्या, की जमीन सेंटिमीटरभर हलली तरी दिसतं. त्यातली एक लहर सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची, म्हणून झाडीतूनही ती बऱ्यापैकी खाली पोचते.

मग जमिनीवर रिसीव्हर कशाला? दौंडकरांना विचारा. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, पावसात तेच रान फुगतं. ऊस तर 12 दिवसांत ओळखू येत नाही. वरून बघणारा गोंधळणारच. खडकात पाय रोवलेला रिसीव्हर असेल, तर खरं-खोटं करता येतं.

हे जादू नाही, हेही सांगते. एका रात्रीच्या पावसात कोसळणारा कडा 12 दिवसांच्या फेरीत सापडेलच असं नाही. पण काही उतार कोसळण्याआधी हळूहळू सरकतात. ते हेरता येतात, कुणी बघत असेल तर! म्हणून आंबेगाव, जुन्नर, भोर, मुळशीच्या धोक्याच्या उतारांवर रिसीव्हर हवेत. आणि सरकत्या उतारांचा नकाशा पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा, मराठीत.

तोवर इंजिनिअरिंग, भूगोल, जिओलॉजीवाल्यांनो, तुमच्यासाठी प्रोजेक्ट तयार आहे. युरोपच्या 'सेंटिनेल-1' या रडार उपग्रहाचा 2014 पासूनचा डेटा मोफत मिळतो. सुरुवात माळीणच्या आसपासच्या उतारांपासून करा. काय दिसतं ते आम्हाला कळवा, आम्ही छापू.