उचंत खात्यातला ट्रम्पेट

मराठी मध्यमवर्गीय माणूस तीन विषयांवर कधीही, कुणालाही, फुकट मत देतो. हवापाणी, राजकारण आणि न ऐकलेलं संगीत. पहिल्या दोन विषयांत मी कारकून असल्यामुळे साहेबांचं मत तेच माझं मत. तिसऱ्यावर मात्र आज भांडायचंच ठरवून बसलो आहे. कारण आमच्या बँकेत आणि आमच्या सोसायटीत, म्हणजे माझ्या एकूण ज्ञात विश्वात, ‘जॅझ’ हा शब्द उच्चारला की ठरलेली तीन वाक्यं कानावर येतात. एक, तो नुसता गोंगाट. दोन, ते आपलं नव्हे. तीन, ते हॉटेलातल्या श्रीमंतांचे चोचले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आरोप कलमवार आले की उत्तरही कलमवारच देतो.

कलम पहिले, गोंगाट. माझ्याकडे माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी आहे. १९५९ साली अवघ्या दोन दिवसांत, फारशा तालमी न करता ध्वनिमुद्रित झालेली. खालच्या मजल्यावरचे नाना शास्त्रीय संगीतातले जाणकार. त्यांना चहाला बोलावलं आणि काय आहे ते न सांगता पहिली चीज लावली, ‘सो व्हॉट’. दोन मिनिटांत नाना म्हणाले, “अरे, हे काफीचे स्वर आहेत की!” अगदी बरोबर. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. हा एकच संच घेऊन सोळा आवर्तनं चालतात, मग अख्खा संच अर्ध्या स्वराने वर चढतो आणि आठ आवर्तनांनी पुन्हा घरी येतो. चौकट तेवढीच, तिच्यात प्रत्येक वादकाने आपल्या मगदुराप्रमाणे खेळायचं. हेच आपल्या बुवांनी केलं तर ती बढत, आणि तिकडच्या बुवांनी केलं तर गोंगाट? हे जॅझ आहे असं सांगितल्यावर नाना म्हणाले, “तरी मला वाटलंच, तंबोरा नव्हता!”

त्यांनाच नंतर डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’मधलं ‘टेक फाइव्ह’ ऐकवलं. पाच मात्रांचं. म्हणजे आपला झपताल निम्म्यावर कापायचा आणि खंड उलटे करायचे, आधी तीन, मग दोन. नाना चहा विसरून बोटांवर मात्रा मोजत बसले. ज्या गोंगाटात चहा गार होतो, त्या गोंगाटाबद्दल जरा आदराने बोलावं.

कलम दुसरे, आपलं नव्हे. मंडळी, १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आले. त्या काळात गोव्याहून मुंबईत आलेल्या पोरांनी चर्चच्या शाळेत स्वरलिपी गिरवलेली होती; त्यांनी हे नवं वाजवणं कानांनी टिपलं आणि हातांत आणलं. त्यातलेच एक हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, उर्फ चिक चॉकलेट. हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत त्यांना. आता हे चिक चॉकलेट साहाय्यक कुणाचे, तर आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे! १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसकट पडद्यावरसुद्धा दिसतात. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव. ‘शोला जो भडके’वर गणपती विसर्जनात आणि भावाच्या वरातीत घाम गाळून नाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी मला सांगतो, जॅझ आपलं नव्हे. अरे, मग काल पाय कुणाचे होते?

त्यांना मात्र आपलं परकं वाटलं नाही. ब्रूबेक १९५८ मध्येच मुंबईला येऊन गेले. जॉन कोल्ट्रेन यांनी रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं. सॅक्सोफोनवाले सॉनी रोलिन्स तर साठीच्या दशकात पवईच्या आश्रमात येऊन राहिले. आपल्याकडचा माणूस पवईला गेलाच तर आयआयटीचा फॉर्म आणायला!

कलम तिसरे, श्रीमंतांचे चोचले. ऐकणारे श्रीमंत असतीलही; वाजवणारे नव्हते. २००८ साली वसईला आमच्या कॅश काउंटरवरच्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ सॅक्सोफोन वाजवत होते. जेवणाची पंगत ऐन भरात, ऐकत कुणी नाही. आणि त्यांनी एक संथ चीज अशी काही छेडली की माझ्या ताटातलं सोरपोतेल तसंच राहिलं. त्या म्हाताऱ्या फुप्फुसांतून श्वास येताना ऐकू येत होता, आणि त्याचाच सूर होत होता. हे तबकडीवर मिळत नाही. नंतर बोललो. सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांनी अनेक वर्षं वाजवलेलं. मी विचारलं, “कुठल्या गाण्यात तुम्ही आहात?” ते म्हणाले, “पैसे मिळाले, साहेब. नाव कुठे लिहितात?”

माझं खरं भांडण इथे आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? पडद्यावर नाव आलंच तर बारीक अक्षरांत, ‘साहाय्यक’ म्हणून. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. शिष्याने १९७७ साली गुरूचं नाव गाण्यात घातलं. ते आख्ख्या देशाला पाठ झालं, पण कसं? अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ म्हणून! असा खराखुरा माणूस होता हे सांगितलं की लोक मलाच अंड्यातून बाहेर आल्यासारखं बघतात.

आमच्याकडे ज्या रकमेचा मालक लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात. पण ती तिथे पडून राहिली तर तपासनीस मानगूट धरतो. इथे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आनंद आपण आपल्या नावावर जमा करून बसलो आहोत, आणि ज्यांनी तो दिला ते अजून उचंतच! ज्यांच्या नोंदीच आपण केल्या नाहीत, त्यांच्या संगीताला ‘आपलं नव्हे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठल्या वहीतून मिळाला?

तेव्हा पुढच्या वेळी वरातीत ‘अलबेला’चं गाणं लागलं तर नाचा, जरूर नाचा. दम लागून कडेला उभे राहाल, तेव्हा शेजारच्याला एवढंच सांगा, या सिनेमात चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला होता, आपल्या हळदोण्याचा. नाव आठवलं नाही तर आमच्या शाखेत या. जेवणाच्या सुट्टीत आलात तरी सांगीन. बँकेच्या इतिहासात हे प्रथमच घडेल.