हे सोनं किती कॅरेटचं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा सीन ठरलेला. ऑफिसातून निघायला उशीर, स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग आणि शेजारी पानांच्या जुड्या. ‘एक सोनं द्या हो’ म्हणायचं, पैसे टेकवायचे आणि लोकल पकडायची. पान निरखून बघायला वेळ आहे कुणाला?

मलाही नव्हता. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॉसपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांना मी ऐटीत सोनं वाटलं. चहा घेऊन आलेल्या मावशींनी पान उलटसुलट केलं आणि खुदकन हसल्या. ‘‘मॅडम, हा आपटा नाय. कांचन हाय हा.’’ लहानपणी त्यांनी गावच्या डोंगरात विड्यांसाठी आपट्याची पानं तोडलेली. त्यांना कोण फसवणार? थोडक्यात, अख्ख्या फ्लोअरला मी एक ग्रॅमवालं सोनं वाटलं होतं!

दोष पूर्ण माझाही नाही हं. आपटा आणि कांचन सख्खे नातेवाईक. दोघांचं पान जोडपान, मधे खाच. या जोडपानावरूनच त्यांच्या गटाला बाउहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचं नाव मिळालं, बाउहिनिया. त्यामुळे नुसती खाच बघाल, तर हमखास फसाल. मग बघायचं काय?

साइज : आपट्याचं पान छोटं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं तळहाताएवढं. पण कांचनाची कोवळी पानंही लहान असतात, म्हणून एका पानावर जाऊ नका. पूर्ण फांदी बघा.

स्पर्श : आपटा जाड, खरखरीत, मागून राखाडी लव असलेला. कांचन त्यामानाने पातळ आणि गुळगुळीत.

फूल : दसऱ्याच्या सुमारास फांदीवर मोठं गुलाबी-जांभळं फूल किंवा कळी दिसली, की विषय संपला. तो कांचनच. आपट्याची फुलं बारीक, पांढरट-पिवळसर आणि ती येतात उन्हाळ्यात.

‘चुकलं पान तर बिघडलं काय?’ असं म्हणाल. बिघडतं ते झाडाचं. आपल्याला कुठलंही जोडपान चालतं म्हटल्यावर ऐन बहरातला कांचन ओरबाडला जातो. आणि खरा आपटा हवा म्हणून हट्ट धरला, तर डोंगरातल्या आपट्याच्या फांद्या तुटतात. दुसऱ्या दिवशी दोन्हींचा कचरा एकाच डब्यात.

म्हणून या वर्षी माझी जुडी कॅन्सल. मावशींनी हिवाळ्यात गावाहून आपट्याच्या शेंगा आणून दिल्या होत्या. त्यातल्या एका बीचं रोप माझ्या बाल्कनीत वीतभर झालंय. कुंडीत ते फार दिवस मावणार नाही, पावसाळ्यात मावशींच्याच गावी लावायचंय. तोपर्यंत ऑफिसवाल्यांनो, सोनं घ्यायला नाही, बघायला या. पान उलटं करून दाखवीन. तोडायचं मात्र नाही!