खेळाला तिकीट नको, वर्गणी हवी

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे नमवले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. साहजिकच त्या रात्री मराठी घरांतील भ्रमणध्वनींवर अभिनंदनाच्या संदेशांचा पूर आला. 'आपल्या मातीतला खेळ जगज्जेता झाला' या वाक्याची असंख्य आवर्तने झाली. हा अभिमान रास्तच होता. पण अभिमानालाही कधी तरी हिशेब विचारावा लागतो. त्या रात्रीनंतर आपण खो-खोचे किती सामने पाहिले? आणि ते दिसत राहावेत म्हणून खिशातून किती रुपये काढले?

प्रश्न अप्रिय आहे, पण तो टाळता येणार नाही. खेळ पाहण्याची रीतच आता बदलली आहे. सामना ॲपवर येतो आणि ॲप पैसे मागते. एका सामन्याचे तिकीट, एका मालिकेचा पास, नाही तर महिन्याची वर्गणी! या शेवटच्या प्रकाराला 'वर्गणी' म्हणणे हा मराठी शब्दाचा अपमान आहे, हे पुढे स्पष्ट होईलच. बाजाराचे भाष्यकार सांगतात की, छोट्या खेळांनी आता सरकारच्या वा पुरस्कर्त्यांच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही. त्या खेळाचे चाहते पन्नास-पन्नास रुपये मोजतील आणि खेळ स्वतःच्या पायावर उभा राहील. ऐकायला हे गोड वाटते. व्यवहारात मात्र ही निव्वळ दिशाभूल आहे.

गणित जमत नाही

हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या राज्यस्तरीय स्पर्धेच्या एका दिवसाच्या थेट प्रक्षेपणाला चार कॅमेरे, छायाचित्रकार, समालोचक, पुनर्दर्शनाची यंत्रणा आणि भरवशाचे इंटरनेट मिळून एक लाख रुपये खर्च येतो. तिकीट पन्नास रुपयांचे ठेवले. त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर गेला. ॲपमधूनच पैसे भरले गेले, तर ॲप-बाजार चालविणाऱ्या परदेशी कंपन्यांची १५ ते ३० टक्के दलाली गेली. आयोजकाच्या हाती उरले तीस ते छत्तीस रुपये. म्हणजे नुसता खर्च भरून निघायलाच सुमारे तीन हजार पैसे मोजणारे प्रेक्षक हवेत, आणि तेही रोज! खेळाडूचे मानधन, प्रवास, निवास यांचा यात विचारही केलेला नाही. शिवाय एक जण तिकीट काढतो आणि पडद्यासमोर दुसरा भ्रमणध्वनी धरून तोच सामना शंभर जणांना फुकट दाखवतो, हे वास्तव वेगळेच.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रक्षेपणाचा खर्च प्रेक्षकसंख्येवर फारसा अवलंबून नसतो. पाहणारे पाचशे असोत वा पाच लाख, कॅमेरे तेवढेच लागतात. म्हणूनच मोठा खेळ अधिकाधिक मोठा होत जातो आणि छोटा खेळ पहिल्याच पायरीवर अडखळतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. गंमत पाहा! एवढी रक्कम मोजल्यावरही २०२३ मध्ये जिओसिनेमाने ते सामने फुकट दाखवले. का? तर ग्राहक गोळा करायचा होता. ज्या खेळासाठी देश कामधाम सोडून बसतो, त्यालाही प्रेक्षक जमवताना दार सताड उघडे ठेवावे लागते; आणि ज्याचे नियमही नव्या पिढीला धड ठाऊक नाहीत, त्या खो-खोच्या दारावर मात्र आल्या आल्या तिकीटवाला बसवायचा! याला व्यवहारज्ञान म्हणावे की आत्मघात?

देशातील फुटबॉलची अवस्था याहून बोलकी आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला. त्याच काळात, २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली. कराराची मुदत संपत आली आणि पुढचे काहीच ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये नवा हंगामच स्थगित झाला. पुढे निविदा काढली, तर ७ नोव्हेंबर २०२५ या अंतिम दिवसापर्यंत एकही बोली आली नाही. गोवा, बंगाल आणि केरळ येथे ज्या खेळावर माणसे जीव टाकतात, त्याला एकही गिऱ्हाईक मिळू नये! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आली. कायदा आवश्यकच होता, कारण त्या जुगाराने असंख्य घरे पोखरली होती. पण खेळांच्या जाहिरातींचा केवढा डोलारा त्या पैशावर उभा होता, हेही त्यामुळे उघड झाले. परक्याच्या पैशावर उभा राहिलेला खेळ परक्याच्या अडचणीत कोसळतो, हा त्याचा अर्थ.

श्रीमंत देशांत तरी हे गणित सुटले आहे काय? ब्रिटनमध्ये सायकल शर्यतींचे चाहते 'जीसीएन प्लस' या स्वस्त आणि खास वाहिनीवर वर्षभर शर्यती पाहत. मालक कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद केली. फेब्रुवारी २०२५ अखेर तिथली युरोस्पोर्ट वाहिनीही मिटली. ज्या शर्यती महिना ६.९९ पौंडांत दिसत, त्यांच्यासाठी आता ३०.९९ पौंडांची मोट विकत घ्या, असे फर्मान निघाले. सायकलप्रेमींच्या गळ्यात फुटबॉलचे बिल मारले गेले. छोट्या खेळाचा निष्ठावान प्रेक्षक बाजाराच्या लेखी सर्वांत सोपे सावज असतो. तो संख्येने थोडा असतो आणि त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

गावाशिवाय संघ

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिने कबड्डीला घराघरांत नेले, हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण २०२५ च्या बाराव्या हंगामात सामने झाले ते विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत. 'यू मुम्बा'ने मुंबईत आणि 'पुणेरी पलटण'ने पुण्यात एकही सामना खेळला नाही. अल्टिमेट खो-खोचा २०२२ चा पहिला हंगाम सबंधच्या सबंध पुण्याच्या बालेवाडीत झाला आणि दुसरा कटकमध्ये. खर्च वाचतो हे खरे. पण ज्या संघाला गाव नाही, घरचे मैदान नाही, ज्याचा खेळाडू आपल्या आळीतल्या मुलांना कधी भेटत नाही, त्या संघासाठी कोणी तिकीट का काढावे? माणूस पैसे देतो ते नात्यासाठी. नाते तोडायचे आणि शुल्क मागायचे, हा उफराटा न्याय झाला.

या बाबतीत आयर्लंडचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. इंग्रजी सत्तेच्या काळात, १८८४ मध्ये, तेथील देशाभिमानी मंडळींनी 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन'ची स्थापना केली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्यांचे देशी खेळ. त्या छोट्या देशात हे खेळ आजही लोकप्रियतेच्या शिखरावर आहेत आणि खेळाडू मात्र हौशी आहेत, पगारी नव्हेत. कारण प्रत्येक गावात, प्रत्येक पंचक्रोशीत त्या संघटनेचे मंडळ आहे. आजोबा, बाप आणि नातू एकाच मंडळाचे सभासद असतात. २०२३ मध्ये अजिंक्यपद स्पर्धेतील काही सामने तेथे सशुल्क ॲपवर नेले गेले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि राजकीय नेत्यांनाही त्यावर बोलावे लागले. 'आमचा खेळ आम्हालाच विकता?' असा तो सवाल होता.

आता मनाशी प्रामाणिकपणे विचारून पाहू या. उद्या खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा तिकिटाच्या भिंतीआड गेली, तर महाराष्ट्रात कोण संतापेल? कोणी नाही. कारण ती भिंत उभी राहिली आहे, हेच कोणाच्या लक्षात येणार नाही! खरा रोग हा आहे.

आपली रीत काय होती?

या रोगावरचे औषध परदेशातून आणण्याचे कारण नाही. शुल्क आणि वर्गणी यांतील भेद आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शुल्क देणारा ग्राहक असतो. त्याला आवडले नाही की तो निघून जातो. वर्गणी देणारा मात्र घरचा असतो. चुकले तर तो कान धरतो, पण पाठ फिरवत नाही. गणेशोत्सवाचा देखावा पाहायला कोणी तिकीट लावत नाही आणि तरीही मंडळ वर्षानुवर्षे चालते. गावच्या जत्रेतील कुस्तीचा फड असाच उभा राहतो. इनामाची रक्कम गावकरी वर्गणीतून जमवतात आणि आखाड्याभोवती परगावचा पाहुणाही मानाने बसतो. पैसा समाजाचा आणि दर्शन सर्वांना खुले!

खाशाबा जाधवांची कथा आपण शाळेच्या पुस्तकांपासून ऐकत आलो आहोत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिले. त्या प्रवासाचा भार सरकारी तिजोरीने पेलला नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. त्यांपैकी कोणालाही हेलसिंकीची कुस्ती पाहायला मिळणार नव्हती. त्यांनी पैसे दिले ते पाहण्यासाठी नव्हे, आपला मुलगा लढावा म्हणून. त्याआधी अर्धशतकापूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्यामागे आपले बळ उभे केले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. दरिद्री, पारतंत्र्यातील समाजाला जे जमले, ते आज दरमहा तीन-चार ॲपना गुपचूप पैसे देणाऱ्या सुस्थित मध्यमवर्गाला जमू नये?

'हे काम सरकारचे आहे' असा आक्षेप येईल. सरकारचे काम आहेच. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकांना प्रसार भारतीला द्यावे लागते. पण ज्या स्पर्धेचे हक्क कोणी विकतच घेत नाही, तिच्या बाबतीत हा कायदा काय करणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात प्रसार भारतीच्या 'वेव्हज' या ॲपचे उद्घाटन झाले. खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि मल्लखांब यांच्या राष्ट्रीय स्पर्धा तेथे विनामूल्य आणि भारतीय भाषांतील समालोचनासह दिसल्या पाहिजेत, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. 'वर्गणी द्यायची ती कोणाच्या हाती?' कबड्डी महासंघाची निवडणूक दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवून प्रशासक नेमला आणि निर्वाचित मंडळाच्या हाती कारभार जायला २०२५ साल उजाडले. २०२३ च्या नोव्हेंबरात तर 'महाराष्ट्र केसरी'ची गदा फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दिली गेली. खुर्चीसाठी एकमेकांशी झुंजणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी समाजापुढे हात पसरण्याचा अधिकार गमावला आहे, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. पण म्हणूनच तर वर्गणी हवी. ग्राहक हिशेब मागत नाही, वर्गणीदार मागतो. गणेश मंडळाला जमाखर्च फलकावर लावावा लागतो, तो वर्गणीदाराच्या धाकामुळेच. क्रीडा संघटनांना शिस्त लावणारा याहून प्रभावी अंकुश दुसरा नाही.

तेव्हा सुरुवात वरून होण्याची वाट न पाहता खालून करावी. आपल्या गावात, उपनगरात खो-खोचे वा कबड्डीचे एखादे मंडळ असतेच. प्रत्येक कुटुंबाने त्याचे सभासद व्हावे, रोजचा एक रुपया म्हणजे वर्षाला ३६५ रुपये द्यावेत आणि वर्षाअखेर हिशेबाचा कागद हक्काने मागावा. पाचशे कुटुंबे जमली, तर पावणेदोन लाखांहून अधिक रुपये उभे राहतात. त्यात मॅट येते, मुलांचे बूट येतात आणि तालुक्याच्या स्पर्धेचे प्रक्षेपणही विनाशुल्क करता येते. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना घेऊन त्या मैदानावर जावे. पडद्यावर सामना पाहणारा उद्याचा प्रेक्षक तेथेच घडणार आहे. तो कोणत्याही ॲपला विकत घेता येत नाही.

मातीतल्या खेळाचा अभिमान संदेश पुढे पाठवून सिद्ध होत नसतो. तो पावतीपुस्तकावर सिद्ध होतो. येत्या रविवारी आपल्या गावच्या मंडळाचे पावतीपुस्तक मागवून घ्या आणि पहिली पावती स्वतःच्या नावाने फाडा.