पाडव्याची वही आणि मार्चचा ताळेबंद

आपल्याकडे दुकानदाराचे वर्ष नेमके कधी संपते? प्रश्न साधा आहे, पण उत्तरे दोन आहेत. एक सरकारी, ते ३१ मार्चला मिळते. दुसरे मिळते आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी, लाह्या-बत्ताशांच्या साक्षीने. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहायचे, केरसुणीलाही लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहायचे आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली नोंद करायची.

एकेकाळी अनेक व्यापाऱ्यांच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकच होती. दिवाळी ते दिवाळी हे हिशेबाचे वर्ष आयकर खात्यालाही चालत असे. १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून मार्चअखेर सर्वांना सक्तीची झाली आणि पूजेची वही कोरी राहू लागली. आता हिशेब संगणकात असतो, पैसे गल्ल्यापुढच्या क्यूआर कोडवर येतात. वहीत ‘श्री’ लिहिला की तिचे काम संपते.

यात सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मार्चचा ताळेबंद दुसऱ्यांसाठी असतो. तो करसल्लागार, बँक आणि सरकार यांनी वाचायचा. दिवाळीची खतावणी मालक स्वतःसाठी वाचत असे. कोणाकडे किती अडकले, कोणता माल तीन सणांपासून फळीवर पडून आहे, हे बोटाखालून जायचे.

उधारीचेच घ्या. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावणारा दुकानदारच सर्वांत जास्त उधारी देतो, हा आपल्या बाजारपेठेचा जुना विनोद आहे. पण गल्लीतल्या गिऱ्हाइकाची उधारी बहुधा बुडत नाही. पगार झाला की येते. खरा फास बसतो तो लहान कारखानदाराला, आणि तोही मोठ्या गिऱ्हाइकाकडून. माल घेताना घाई, पैसे देताना ‘पुढच्या आठवड्यात बघू’. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही पकड आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला वजा करून मिळत नाही. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना मात्र हे कवच नाही. आणि ज्यांना आहे, त्यांतले किती जण व्याज मागतात? पुढची ऑर्डर जाईल, ही भीती कायद्याहून मोठी असते. तरीही कोणते गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देते, हे वर्षातून एकदा कागदावर मांडायला कोणाची हरकत असणार?

दुसरी गोष्ट घरातली, म्हणून जास्त अवघड. समजा, दुकान महिन्याला ४० हजार रुपये हाती देते. गाळा स्वतःचा आहे, म्हणून भाडे कोणी धरत नाही. दुसऱ्याला दिला तर १५ हजार येतील. मालक आणि त्याची पत्नी दोघेही दिवसभर राबतात. हेच काम बाहेर केले तर प्रत्येकी निदान १२ हजार मिळतील. बेरीज होते ३९ हजार. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणतो तो एक हजाराचा! दुपारी नवरा जेवायला गेला की गल्ल्यावर बसणारी बाई कोणत्याच वहीत नसते. ‘घरचेच तर आहे’ या तीन शब्दांत तिचे वर्ष मोजले जाते. तिच्या नावाने दरमहा ठराविक रक्कम खर्ची टाकली, तर निदान मालाची किंमत ठरवताना ती आठवेल.

सुट्टीचेही तसेच. १९४८ च्या दुकाने कायद्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे भाग होते. व्यापारी कुरकुरत, पण त्या निमित्ताने मालकही घरी असे. २०१७ च्या कायद्याने ते बंधन काढले. आता नोकराची सुट्टी कायद्यात आहे आणि मालकाची त्याच्या मर्जीवर. मर्जी कुठली? समोरचे दुकान उघडे असते ना!

उरतात ते भाऊबीजेनंतरचे एक-दोन दिवस. गुजराती व्यापारी लाभपंचमीला पुन्हा दुकान उघडतात. आपल्याकडे तेवढाही धीर नसतो. या मधल्या दुपारी ती कोरी वही काढावी, पत्नीला आणि हाताशी आलेल्या मुलांना शेजारी बसवावे आणि येणी, पडून राहिलेला माल, न धरलेले पगार हे सारे शाईने लिहावे. तासाभराचे काम आहे. घाई एवढीच, की शटर वर गेले रे गेले, की पहिले गिऱ्हाईक बहुधा बदलून घ्यायलाच आलेले असते. दिवाळीला नेलेला शर्ट आखूड झालेला असतो.