मासा तपासा, निकाल बाजारात लावा!



ठाणे खाडीत मासे मरून तरंगले की फोटो छापून येतात, साहेब येतात, पाण्याच्या बाटल्या भरून नेतात. चार दिवसांत सगळं थंड. आमचं म्हणणं जिवंत माशाबद्दल आहे. ताटात तोच येतो.

ठाणे खाडीच्या आणि उल्हासच्या मुखाच्या गाळात पारा आहे, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कधीच नोंदवून ठेवलंय. गाळातले जिवाणू या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो अन्नातून अंगात शिरतो आणि फार सावकाश बाहेर पडतो, म्हणून साठत जातो. गाळातले किडे कोळंबी खाते, कोळंबी आणि बोय जिताडा खातो. दर टप्प्याला विष वाढतं. मोठ्या शिकारी माशाच्या मांसात ते भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट असू शकतं. पाण्याची बाटली पास आणि मासा नापास, असं खुशाल घडतं!

घरात जिताडा साफ होतो, आतडी निघतात, तुकड्यांना मीठ, हळद, कोकमाचं आगळ लागतं. चिखलाचा वास त्याने जातो. पारा मात्र मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. तो धुऊन जात नाही, तळूनही जात नाही. गरोदर बाईच्या अंगातून तो बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

जपानात मिनामाताला हेच झालं. चिस्सो कंपनीने १९३२ ते १९६८ पर्यंत पारा समुद्रात सोडला. मांजरं झटके येऊन मेली, मग कोळ्यांची घरं आजारी पडली. १९५६ साली रोगाची नोंद झाली, तरी नळ आणखी बारा वर्षं चालूच! त्या गावाच्या नावाचा करार भारताने २०१८ साली मान्य केला. माशांतल्या पाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी देशांनी झटावं, असं त्यात लिहिलंय. मग झटा!

मासे सोडा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. बोललो तर धंदा बसेल, ही भीतीही खरी आहे. पण धंदा बुडवतोय तो सांडपाणी सोडणारा. नुकसानभरपाईही त्याच्याकडूनच वसूल झाली पाहिजे. दर हंगामात बोय, शिंगाळा, जिताडा, कालवं यांचं मांस आणि तळचा गाळ तपासा. निकाल मराठीत, प्रत्येक बंदरावर आणि मासळी बाजारात लावा.

मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: आमच्या खाडीतल्या माशाचा अहवाल कुठे आहे?