लायसन्स कपाटात, किल्ली खुंटीवर

आपल्या ओळखीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या दहा जणींची नावं आठवून बघा. घरी चारचाकी असलेल्या, नोकरी करणाऱ्या किंवा न करणाऱ्या, शहरातल्या नाहीतर तालुक्याच्या गावातल्या. यांतल्या किती जणींकडे मोटारीचं लायसन्स आहे? आणि गेल्या महिन्यात त्यांतल्या किती जणींनी गाडी चालवली? या दोन उत्तरांत जी तफावत येते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. क्लासचे पैसे भरले, पहाटेचा स्वयंपाक उरकून एकवीस दिवस शिकायला गेल्या, आरटीओत परीक्षा दिली, पास झाल्या, पेढेसुद्धा वाटले. मग ते लायसन्स पॅनकार्डाशेजारी कपाटात गेलं ते गेलंच. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘अगं, भीती वाटते.’

ही भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये. मी स्वतः बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, तेव्हा आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा. तळहाताला घाम, स्टिअरिंगवर हात आवळलेले, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की डोळ्यांसमोर अंधारी. हे सगळं शरीरात घडतं, ‘उगाच घाबरतेस’ म्हटल्यानं ते थांबत नाही. पण ही भीती आपल्या जातीच्या स्वभावातच आहे, ‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. ती कुठून येते ते नीट पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक धागा घराकडे आणि समाजाकडे जातो.

पुण्याचं उदाहरण घ्या. १९७२ साली लुना आली, १९८४ साली बटण दाबून सुरू होणारी, गिअर न बदलावी लागणारी कायनेटिक होंडा आली, पुढे स्कूटी आणि ॲक्टिव्हा. लाखो बायका दुचाकीवर बसल्या. पुढे मूल, मागे सासूबाई, हँडलला भाजीची पिशवी, अशा त्या टिळक रोडच्या गर्दीतून जातात आणि त्यात शौर्य गाजवतो आहोत असं त्यांना वाटतही नाही. वास्तविक दुचाकी जास्त धोक्याची. धक्का लागला तर मध्ये पत्रा नाही, पट्टा नाही, थेट डांबर. मग तीच बाई त्याच रस्त्यावर मोटारीत बसायला का घाबरते?

मला वाटतं, याचं उत्तर मालकीत आहे. स्कूटर ‘तिची’ असते. मोटार ‘घरची’ असते, आणि घरची म्हणजे कुणाची ते आपल्याला ठाऊक आहे. स्कूटरला ओरखडा उठला तर ती स्वतःशी हळहळते. मोटारीला पोचा आला तर तिला जाब द्यावा लागतो. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला भावाला मिळालं, गाडी धुता धुता बॉनेट उघडून आत डोकवायला त्याला मिळालं. अठरा पूर्ण झाल्यावर ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन ये’ म्हणून किल्लीही त्याच्याकडेच फेकली गेली. तिला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ‘शीक की आता’ म्हणायचं आणि ती घाबरली की हसायचं, हा कुठला न्याय?

आता शिकण्याचा हिशेब पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी किमान एकवीस दिवसांचं शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास सांगितले आहेत. रोजचा अर्धा तास धरला तर दहा-साडेदहा तास होतात. मी ज्या क्लासला गेले तिथे एका गाडीत आम्ही तिघी असायचो आणि अर्ध्या तासातली वीस मिनिटं दुसऱ्यांचं बघण्यात जायची. शिवाय शिकवणाऱ्याच्या पायाशी त्याचा वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. सुरक्षिततेसाठी तो हवाच, पण तो उठसूट दाबला जातो आणि गाडी आपण थांबवली की त्यानं, हे शेवटपर्यंत कळत नाही. अशा तोकड्या सरावानंतर रस्त्याची भीती वाटली तर तो आपल्या क्षमतेचा अगदी बरोबर अंदाज आहे. तरुण मुलगाही दहा तासांनंतर कच्चाच असतो. पण त्याला संध्याकाळी गाडी मिळते, मित्र शेजारी बसतात, सहा महिन्यांत हजारो किलोमीटर होतात. तिचा सराव परीक्षेच्या दिवशीच संपतो. पुढे त्याच्या सरावाला ‘पुरुषांची उपजत जाण’ असं नाव मिळतं.

आणि सरावाला शेजारी बसतं कोण? बहुतेक वेळा नवरा. चांगला, प्रेमळ, इतर वेळी आवाज न चढवणारा नवरासुद्धा डाव्या सीटवर बसला की ओरडू लागतो. ‘क्लच! क्लच दाब! अगं, तुझं लक्ष कुठे आहे?’ तिचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्याच्या चेहऱ्यावर असतं. चालवणाऱ्याचं लक्ष असं दुभंगलं की गाडी बंद पडणारच. ती बंद पडली की मागे हॉर्न, बाजूच्या रिक्षातून शेरा, आणि घरी पाहुण्यांसमोर सांगायला एक विनोद. पुरुषाची गाडी चौकात बंद पडते तेव्हा गाडी बंद पडते. बाईची बंद पडते तेव्हा समस्त बायकांची बंद पडते.

त्या विनोदांविषयी एकदाच बोलून टाकते. आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अपघातात मरणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या वर्षानुवर्षं कितीतरी मोठी असते. रस्त्यावर तेच जास्त असतात हे त्याचं एक कारण आहे, ते मान्य. पण विमा कंपन्या तर भावनेवर चालत नाहीत ना? युरोपात अनेक ठिकाणी त्या तरुण मुलींकडून मुलांपेक्षा कमी हप्ता घेत, कारण मुलींच्या अपघातांचा खर्च कमी येई. २०११ साली युरोपीय न्यायालयानं समानतेच्या तत्त्वावर हा भेद थांबवायला सांगितला, तेव्हा कुठे तो बंद झाला.

भीतीची एक खोड आहे. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेचीच सवय लागते. ‘आज पाऊस आहे’, ‘आज सणाची गर्दी आहे’, असं करत एक महिना जातो आणि महिन्यानंतर तोच रस्ता दुप्पट अवघड वाटतो. म्हणून ‘भीती गेली की चालवीन’ हा क्रम उलटा आहे. थोडंथोडं, झेपेल एवढं चालवत राहिलं की भीती मागे पडते. आमच्या गटातल्या पाच-सहा जणींनी असंच केलं. त्यातून हाती आलेलं सांगते.

अवघड कामाचे तुकडे करा. मोकळ्या मैदानात ॲक्सिलरेटरला पाय न लावता नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी हलवायची, थांबवायची, पुन्हा हलवायची. हाफ क्लचला गाडी कुठे थरथरते हे पायाला कळेपर्यंत दुसरं काही नाही. मग रविवारी सकाळी सहाला एकच ठरलेला रस्ता, आठ-दहा वेळा. तो कंटाळवाणा झाला की नवा रस्ता. नजर बॉनेटवर खिळवायची नाही, लांब ठेवायची, हात आपोआप सैल होतात. गाडी बंद पडली तर काय करायचं ते आधीच पाठ करून ठेवायचं : ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी. हे मोठ्यानं म्हणायचं. मागचा हॉर्न वाजवत राहील, त्याला वाजवू दे, त्याचं बोट दुखेल. चढावर हँडब्रेकचा वापर करायचा, त्यात कमीपणा नाही. बिनगिअरच्या गाडीवर शिकण्यातही नाही. फक्त पुढे गिअरची गाडी चालवायची असेल तर तिचा सराव वेगळा करावा लागतो. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते म्हणून एकतिसाव्या दिवशी ती दिलीच पाहिजे असं नाही.

आणि शेजारी बसणारीशी आधी करार करा. कच्च्या लायसन्सवर चालवताना सोबतीला पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती लागतेच, ती शक्यतो चालवणारी मैत्रीण असू दे. धोका असेल तरच तिनं बोलायचं, आणि एकच शब्द : ‘थांब’. बाकी सूचना गाडी उभी केल्यावर. या एका नियमानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंही पडला नाही.

काहींची भीती याहून खोल असते. अपघात पाहिलेला असतो, घरातलं माणूस रस्त्यावर गेलेलं असतो, गाडीत बसताच श्वास अडकतो. त्यांनी समुपदेशकाकडे जावं. अशा भीतीवर उपचार आहेत आणि ते घेण्यात लाज नाही. आणि एखादीला गाडी चालवायचीच नसेल तर तोही तिचा हक्क. फक्त ‘मला नको’ आणि ‘मला जमणार नाही’ यांतलं आपलं कोणतं आहे हे तिनं स्वतःला विचारावं.

हा मध्यमवर्गीय बायकांचा लाडाचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत साक्षरता चळवळीनं खेड्यापाड्यांतल्या हजारो बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे कलेक्टर होत्या. शेतमजूर बायका, खाणकामगार बायका शिकल्या आणि शिकलेल्या पुढे दुसऱ्यांना शिकवू लागल्या. सायकलींसाठी कर्जाची सोय झाली. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. दिल्लीत २००८ साली सुरू झालेलं आझाद फाउंडेशन गरीब वस्त्यांतल्या बायकांना व्यावसायिक ड्रायव्हर करतं आणि त्या शिक्षणात स्टिअरिंगइतकीच कायद्याची, हक्कांची आणि स्वसंरक्षणाची माहिती असते. आपल्याकडे जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा एसटी चालवली. त्याच वर्षी मार्चमध्ये साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. यातली प्रत्येक बाई कुणीतरी नीट शिकवलं, भरपूर सराव दिला आणि नंतर यंत्र तिच्या हाती सोपवलं म्हणून तिथे पोचली. या तीन गोष्टी मिळाल्या की ‘स्वभाव’ कुठे जातो?

रस्त्यावर आणखी मोटारी याव्यात असं माझं म्हणणं नाही. चांगली एसटी, चांगली पीएमटी हवीच, पहिली मागणी तीच. (तिला आता पीएमपीएमएल म्हणतात, वाट मात्र तेवढीच बघावी लागते.) पण जी गाडी दारात उभीच आहे, तिची किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे का? रात्री दोन वाजता नवऱ्याच्या छातीत कळ येते, गाडी खाली उभी असते आणि लायसन्सवाली बायको शेजाऱ्याचं दार ठोठावते. नवरा गेल्यावर तीन महिन्यांत घरातली जी पहिली वस्तू विकली जाते ती मोटार असते आणि त्यानंतर बहिणीकडे जायचं तरी मुलाला सवड व्हायची वाट पाहावी लागते. मारहाणीच्या घरातून मुलांना घेऊन बाहेर पडायची वेळ येते, ती बहुधा रिक्षा न मिळण्याची वेळ असते. या सगळ्या जणींना ‘भीती वाटते’ या दोन शब्दांची किंमत मोजावी लागते.

सौदी अरेबियात ६ नोव्हेंबर १९९० रोजी सत्तेचाळीस जणी रियाधच्या रस्त्यांवर स्वतः गाड्या चालवत निघाल्या आणि त्यासाठी त्यांनी शिक्षा भोगली. तिथली बंदी उठायला जून २०१८ उजाडावं लागलं. आपल्याकडे अशी बंदी कधीच नव्हती. बंदीची गरजच पडली नाही, आपलं लायसन्स आपणच कपाटात ठेवलं.

म्हणून मैत्रिणींनो, माझ्या मागण्या साध्या आहेत. ड्रायव्हिंग स्कूलनी बायका प्रशिक्षक नेमाव्यात आणि एका वेळी एकीलाच शिकवावं. घराघरात आठवड्यातला एक दिवस किल्ली तिची असावी आणि पोच्याचा खर्च पेट्रोलसारखाच घरखर्चात धरावा. आणि आपल्या गटांनी, भिशीमंडळांनी, सोसायट्यांनी एक यादी करावी : सराव हवा असलेल्या कोण आणि रविवारी सकाळी तासभर शेजारी गप्प बसायला तयार असलेल्या कोण. आमच्या वस्तीतल्या यादीत सध्या अकरा नावं आहेत. तुमच्याकडे अशी यादी झाली तर या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि हे वाचून झाल्यावर कपाट उघडून लायसन्सची मुदत संपली नाही ना, तेवढं बघा.