हलक्या पिशवीचा पाहुणा

कोकण किनाऱ्यावरील एखाद्या गावाने पर्यटनाची वाट धरावयाचे ठरविले, की सरकारदरबारी, वृत्तपत्रांत आणि बहुधा त्या गावच्या ग्रामसभेतही प्रथम विचार होतो तो मोठ्या पाहुण्याचा: जो स्वतःच्या मोटारीतून येईल, वातानुकूलित खोली मागेल, दिवसाकाठी काही हजार रुपये सहज खर्च करील आणि ज्याच्यासाठी रस्ता रुंद करावा, विजेची तार वाढवावी, किनाऱ्यालगतची जमीन मोकळी करून द्यावी, असा. पाठीवर एक पिशवी टाकून एस.टी.ने येणारा, कुणाच्या तरी पडवीत अंथरूण पसरणारा, घरात जे शिजेल ते जेवणारा आणि खिशातला प्रत्येक रुपया मोजून काढणारा तरुण वा तरुणी या हिशेबात कोठेच बसत नाही. फार तर त्याला चालवून घेतले जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. समुद्राकाठच्या लहान, शांत गावाला खऱ्या अर्थाने परवडणारा पाहुणा हाच आहे, आणि किनाऱ्यावरील पर्यटनाच्या धोरणाची आखणी त्याला मध्यभागी ठेवून झाली पाहिजे.

काटकसरीने दूरचा प्रवास करणे ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजून १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले, आणि देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर, ओळखीच्या किंवा ओळख काढून मिळविलेल्या घरी मुक्काम करीत, बंडाच्या वणव्यातून जीव वाचवीत, अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन कोकणात परतले. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाले, तेव्हा मराठी वाचकाला प्रथम दिसले की अल्प साधनांनिशी हिंडणारा सामान्य मनुष्य देशाचा इतिहास किती जवळून पाहू शकतो. ज्या समाजातील लक्षावधी माणसे दरसाल पडशी घेऊन पंढरपुरास पायी जातात, नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्यास जेथे काठावरचा गरीब शेतकरीही मूठभर शिधा काढून देतो आणि जेथे धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म मानले गेले, त्या समाजाला पाठीवर पिशवी घेतलेला प्रवासी परका वाटण्याचे कारण नव्हते. तो परका वाटू लागला, कारण प्रवासाची प्रतिष्ठा आपण खर्चाच्या आकड्याशी बांधून टाकली. तालुक्याच्या गावी साहेबाच्या मुक्कामासाठी विश्रामगृह राखले जाते, पण पायी हिंडणाऱ्या विद्यार्थ्याने रात्री पाठ कोठे टेकावी, याची तजवीज कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

जे गाव मनात ठेवून मी हे लिहीत आहे ते मंडणगड तालुक्यातील वेळास. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या तीरावर हरिहरेश्वर आणि दक्षिणेच्या तीरावर बाणकोट; बाणकोटचा किल्ला पेशवाईच्या मध्यकाळात इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले. त्या किल्ल्याच्या पलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या सपाटीत, नारळी-पोफळीच्या आगरांच्या आड हे गाव वसलेले आहे. नाना फडणीस मूळचे येथले. श्रीवर्धनकडून येणाऱ्याला बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोट धरून खाडी ओलांडावी लागते, वेसवीस उतरून पुन्हा एखादी एस.टी. किंवा रिक्षा पाहावी लागते. आणि पायी चालण्याची तयारी असेल तर बाणकोटवरून किनाऱ्याच्या कडेने जाणारा रस्ता असा सुंदर आहे, की वाहन न मिळाल्याचे दुःख होत नाही. या दिरंगाईतच गावाचे संरक्षण आहे. येथवर जो येतो तो यावयाचेच ठरवून येतो, आणि आल्यावर किमान एक रात्र राहतो.

तो राहतो कोठे, हे पाहण्यासारखे आहे. गावात हॉटेलांची रांग नाही. गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच पाहुण्यांची सोय होते. ओटीवर किंवा माजघरालगतच्या खोलीत गाद्या घातलेल्या असतात, न्हाणीघर मागल्या दारी, आणि जेवणाच्या पंक्तीला आमटी-भात, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची नाही तर केळफुलाची भाजी, सोलकढी, क्वचित घरच्या बाईंनी कौतुकाने केलेले उकडीचे मोदक. अशा एका घरी जेवताना ताटातल्या जिन्नसांचा मी मनाशी हिशेब मांडला होता. तांदूळ शेजारच्या खाचरातला, नारळ आणि कोकम परसातले, भाजी वाडीतल्याच कुणाची तरी. बाहेरून आलेले असे डाळ, तेल, साखर आणि चहा, एवढेच. पाहुण्याने दिलेला रुपया त्या घरातून निघाला तरी प्रथम गावातच फिरतो. याउलट मोठ्या विश्रामधामाच्या ताटातील बहुतेक सारे मुंबई-पुण्याहून येते, तेथील व्यवस्थापक बाहेरचा असतो आणि नफाही बाहेरच जातो. गावाच्या वाट्याला झाडलोट, पहारा आणि बागेला पाणी घालणे एवढीच कामे उरतात. पर्यटनाच्या लाभाचे मोजमाप पाहुण्याने किती खर्च केला यावर होते, ते मला मुळातच चुकीचे वाटते. त्यातील किती गावात राहिला, आणि विशेषतः घरातील स्त्रीच्या हाती किती पडला, हे मोजावयास हवे. मनीऑर्डरीवर ज्या घरांच्या पिढ्या निघाल्या, त्या घरातील स्त्रीने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या बळावर मिळविलेल्या पैशाचे मोल जमाखर्चाच्या वहीत मावणारे नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो खरा. पण सच्छिद्र जांभा आणि तीव्र उतार यांमुळे त्यातील फार थोडे पाणी जमिनीत टिकते, आणि मे महिन्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. किनाऱ्यावर याहूनही नाजूक स्थिती असते. तेथील वाळूत पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा सर्वसाधारण नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, तिच्या सुमारे चाळीसपट त्याच्या थराची खोली. म्हणजे भरमसाट उपशाने वरची पातळी एक फूट उतरली, तर खालच्या खाऱ्या पाण्याची हद्द कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात, आणि आगरातील पोफळी तोवर थांबत नाहीत. पोहण्याचे तलाव, हिरवळीची मैदाने आणि दिवसातून दोन वेळा धुतल्या जाणाऱ्या चादरी हा ज्या पाहुणचाराचा भाग आहे, तो पाहुणचार अशा भूमीवर उभा करणे म्हणजे गावाच्या विहिरीवर कायमचा बोजा चढविणे होय. बादलीभर पाण्यात स्नान उरकून, आपला एक सदरा आपणच धुऊन सुरूच्या बनाकडच्या दोरीवर वाळत घालणारा प्रवासी विहिरीला जाणवतसुद्धा नाही.

वेळासचे नाव मात्र आज सर्वत्र झाले ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर येऊन खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू लोटून परत जातात. ही अंडी पूर्वी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्हे-कुत्री खात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण कागदावर होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे काम सुरू केले, गावकऱ्यांना सोबत घेतले, घरटी कुंपणाच्या आत सुरक्षित हलविण्याची पद्धत बसविली, आणि २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याच्या काळात कासव महोत्सव भरू लागला. अंडी विकून काय मिळत होते आणि पाहुणे ठेवून काय मिळते, याचा विचार गावाने केला आणि संरक्षणाच्या बाजूने कौल दिला. येथे हॉटेल आधी उभे राहिले असते तर हे घडले नसते, असे मी विचारपूर्वक म्हणतो. नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू काळोखात जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे धावते, आणि निसर्गक्रमाने ती उजळ दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावर दिव्यांची माळ लागली की ते उलट दिशेला, जमिनीकडे वळते आणि मरते. अंडी घालावयास येणारी मादीही उजेड आणि गोंगाट पाहून माघारी फिरते. मांडवाखाली कंदिलावर समाधानी असणारा, रात्री नऊ वाजता निजणारा आणि पहाटे कुंपणाजवळ उकिडवा बसून वाट पाहणारा पाहुणा या प्राण्याला चालतो.

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो खोटा नाही. हलक्या पिशवीचे प्रवासीच गर्दीचे अग्रदूत ठरतात, असे जगभरचा अनुभव सांगतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या हणजुण्यास असेच तरुण आले, तेथील कुटुंबांनी त्यांना घरातील खोल्या भाड्याने दिल्या, आणि पुढे त्या किनाऱ्याचे काय झाले हे आपण पाहतोच आहोत. थायलंडमधील माया बे हा किनारा २००० साली 'द बीच' या चित्रपटाने जगभर पोहोचविला. गुप्त किनारा शोधत निघालेल्या अशाच एका तरुणाची ती कथा. पुढे तेथे दिवसाला हजारो माणसे उतरू लागली, प्रवाळ उद्ध्वस्त झाले, आणि २०१८ साली सरकारला तो किनारा बंद करावा लागला. २०२२ च्या जानेवारीत तो उघडला तो माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून आणि बोटींना समोरून मज्जाव करून. पण या उदाहरणाकडे थोडे बारकाईने पाहावे. माया बेचा नाश मुक्कामाला आलेल्यांनी केला नाही. तेथे मुक्काम करणारे थोडेच होते. वेगवान बोटींतून तासा-दोन तासांसाठी येऊन, छायाचित्रे काढून दुसरीकडच्या हॉटेलात निजावयास जाणाऱ्यांनी तो केला. हणजुण्यातही घरमालक खोली देत होता तोवर गाव गावकऱ्यांचे होते; जमिनी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा ते हातचे गेले. म्हणून प्रवासी गरीब की श्रीमंत, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही हे मला मान्य आहे. घर कोणाचे, संख्या कोण ठरवितो आणि पाहुणा किती काळ थांबतो, या तिन्ही गोष्टी त्यासोबत पाहाव्या लागतात.

आणि प्रवाशालाही दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. स्वतःच्या गरजा कमी करून खर्च वाचविणे ही सन्मानाची गोष्ट आहे. समोरच्या बाईच्या कष्टाची किंमत पाडून खर्च वाचविणे ही नव्हे. चुलीपुढे पहाटेपासून राबणाऱ्या माउलीशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारा आणि तीच हुशारी मित्रांना अभिमानाने सांगणारा तरुण माझ्या या लेखातला पाहुणा नाही. किनाऱ्यावर फुकटचा तंबू ठोकून, शेकोटी पेटवून, बाटल्या वाळूत पुरून जाणाराही नाही. ज्या वाळूखाली घरटे असू शकते तेथे रात्री शेकोटी पेटविणे हे कृत्य अज्ञानाने झाले तरी क्षम्य मानू नये. प्लास्टिक जसे आणले तसे परत न्यावे, मोबाइलचा दिवा पिल्लांवर धरू नये, आणि घरातून निघताना ठरलेली रक्कम घरधनिणीच्या हाती पूर्ण द्यावी.

आता राहिला राज्यकर्त्यांचा भाग. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामास मनाई असलेला पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला आणि किनाऱ्यावर पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी उभारण्यास वाव दिला. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या निमित्ताने खाड्यांवर पूल बांधण्याचे काम चालू आहे. सावित्रीवरचा पूल झाला की फेरीबोटीची वाट पाहणे संपेल. आजाऱ्याला लवकर दवाखान्यात नेता येईल, विद्यार्थ्यांना पलीकडचे महाविद्यालय जवळ येईल, आणि या कारणांसाठी तो व्हावाच. पण त्याच पुलावरून तासाभरासाठी येणाऱ्या मोटारींची रांगही येणार आहे, आणि तिचा बंदोबस्त पुलाच्या उद्घाटनानंतर करू म्हटले तर वेळ निघून गेलेली असेल.

तोवर करता येण्याजोगे फारसे खर्चाचे नाही. एका दिवशी गावात किती पाहुणे मावतात याचा आकडा ग्रामसभेने विहिरींची मे महिन्यातली पातळी पाहून ठरवावा, सर्व घरांचा एकच दर जाहीर करावा आणि मोटारतळ गावाच्या वेशीबाहेर ठेवावा. निवास-न्याहारीचा परवाना राहत्या घराला एका अर्जावर मिळावा. एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' ही सवलत आणि २०२३ पासून स्त्रियांना मिळणारे अर्धे तिकीट, या दोन गोष्टींनी एकट्या मुलीलाही हा किनारा खुला केला आहे. मात्र शेवटची गाडी चुकली तर त्या सवलतीचा उपयोग नाही. पिल्ले बाहेर पडण्याच्या हंगामात वेसवीच्या धक्क्यावरून वेळासला जाणाऱ्या गाडीची वेळ फेरीबोटीच्या वेळेशी जोडावी, आणि मंडणगडच्या स्थानकात रात्री अडकलेल्या प्रवाशासाठी दिवा, पाणी व कडी लागणारे स्वच्छतागृह असलेली एक खोली उघडी ठेवावी. हे आगाराच्या पातळीवर, एका हुकुमाने, येत्या हंगामापूर्वी होण्यासारखे आहे.